कुलूप सर्वांचे, किल्ली ज्याची त्याची

१ मे २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू केला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सहीशिक्क्याची वाट पाहत चावडीवर ताटकळण्याची गरज निदान तत्त्वतः तरी उरली नाही. या उताऱ्यावर कोणाचे हस्ताक्षर नसते. तरीही संगणकावरील त्या प्रतीत कोणी एका गुंठ्याचा जरी फेरफार केला, तरी तपासणीत ती स्वाक्षरी खोटी ठरते. बँकेचा व्यवहार, आधारची ओळखपडताळणी, दोन मित्रांमधील दूरध्वनीवरचा संदेश, या सर्वांच्या मागे अशाच प्रकारची कुलपे बसविलेली आहेत. आणि त्यांतील सर्वांत रुळलेले कुलूप ज्या गोष्टीचे घडविलेले आहे, ती गोष्ट शाळकरी मुलांच्या गणिताच्या पुस्तकात असते : मूळ संख्या. स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कोणत्याही संख्येने जिला निःशेष भाग जात नाही ती संख्या.

हा विषय गणितज्ञांवर सोपवून राजकीय कार्यकर्त्याने मोकळे व्हावे, अशी परिस्थिती आता राहिलेली नाही. गेली पन्नास वर्षे जगातील सरकारे या कुलपाची एक जादा किल्ली स्वतःकडे मागत आहेत. भारत सरकारही मागत आहे. ‘ज्याने काही गैर केलेले नाही त्याला लपविण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न सभांतून आणि वृत्तपत्रांतून वारंवार ऐकू येतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे कुलूप कसे चालते, ते कोणी घडविले आणि ते आजवर कोठे कोठे निकामी झाले, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण जादा किल्लीची मागणी करणारे एक गोष्ट गृहीत धरतात : कुलूप तसेच भक्कम राहील आणि किल्ली तेवढी एक वाढेल. इतिहासाची साक्ष नेमकी उलट आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स हे नाव सीमांत उपयोगितेच्या सिद्धांतामुळे परिचित असते. वस्तूचे मूल्य तिच्यात ओतलेल्या श्रमावरून नव्हे, तर ग्राहकाला तिच्या शेवटच्या घटकापासून मिळणाऱ्या समाधानावरून ठरते, असे मानणाऱ्यांचा हा एक आद्यपुरुष. समाजवादी चळवळीचे त्याच्याशी फारसे जमले नाही, हे ओघानेच आले. पण याच जेव्हन्सने १८७४ साली तर्कशास्त्र आणि शास्त्रीय पद्धती यांवरील आपल्या ग्रंथात वाचकांना एक कोडे घातले होते. कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार केला असता ८६१ कोटी ६४ लाख ६० हजार ७९९ ही संख्या येते? स्वतः त्याच्याखेरीज हे उत्तर कोणालाही कधी कळेल असे त्याला वाटत नव्हते. उत्तर आहे ८९,६८१ आणि ९६,०७९. दोन्ही मूळ संख्या. कागद-पेन्सिल घेऊन बसलेला कोणीही हा गुणाकार पाच मिनिटांत करील. पण उलट दिशेने, गुणाकारावरून मूळ अवयवांकडे जावयाचे तर एकेका संख्येने भागून पाहत बसण्यात महिने जातील. जेव्हन्सची भविष्यवाणी फसली, पुढील काही दशकांतच त्या संख्येचे अवयव पाडले गेले आणि आज साधा संगणक ते काम डोळ्याचे पाते लवण्याच्या आत करतो. परंतु एक क्रिया करावयास सोपी आणि तीच उलटवावयास अतिशय अवघड असू शकते, हे त्याने अचूक ओळखले होते. या असमानतेतूनच पुढे कुलूप निघाले.

त्याची गरज कशी भासली? गुप्तलेखनाची जुनी पद्धत सर्वांना ठाऊक आहे. दोघांनी आधी गुपचूप भेटून संकेत ठरवावयाचा आणि मग त्या संकेतात पत्रे लिहावयाची. राजदूत, सेनापती, भूमिगत कार्यकर्ते या सर्वांची अडचण तीच होती. संकेत पोहोचविण्यासाठी विश्वासाचा माणूस पाठवावा लागे आणि तो माणूस पकडला गेला की सर्वच उघडे पडे. सरकारांना आणि मोठ्या बँकांना हे परवडत असे. सामान्य नागरिकाला परवडणारे नव्हते. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध करून ही कोंडी फोडली. कुलूप लावण्याची किल्ली आणि उघडण्याची किल्ली या दोन वेगळ्या असू शकतील, असे त्यांनी प्रतिपादन केले. रस्त्यावरच्या लाल टपालपेटीसारखा हा प्रकार आहे. पत्र कोणीही टाकावे, पेटी मात्र टपाल खात्याच्याच माणसाने उघडावी. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील रॉन रिव्हेस्ट, आदी शामीर आणि लिओनार्ड ॲडलमन यांनी मूळ संख्यांच्या आधारे अशी पेटी प्रत्यक्ष तयार केली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती ‘आरएसए’ या नावाने ओळखली जाते.

लहान संख्या घेतल्यास ही पद्धत फळ्यावर करून दाखविता येते. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्याव्यात. त्यांचा गुणाकार ३३ हा जगजाहीर करावा आणि त्याच्या जोडीला ३ हा घातांकही जाहीर करावा. हे झाले सर्वांसाठी ठेवलेले उघडे कुलूप. आता कोणाला ४ हा अंक गुप्तपणे पाठवावयाचा आहे. त्याने ४ चा तिसरा घात काढावा, ६४ येईल. त्याला ३३ ने भागावे, बाकी ३१ उरेल. हा ३१ वाटेत कोणीही पाहिला तरी हरकत नाही. ज्याचे कुलूप आहे त्याच्यापाशी ७ ही खाजगी किल्ली असते. तो ३१ चा सातवा घात काढतो. ती संख्या येते २७५१ कोटी २६ लाख १४ हजार १११. तिला ३३ ने भागले की बाकी उरते ४. मूळ अंक परत आला. हा ७ कोठून आला? दोन्ही मूळ संख्यांतून एकेक वजा करून गुणाकार केला की २० येतात, आणि ३ ला ७ ने गुणून २० ने भागले की बाकी १ राहते. ज्याला ३ आणि ११ ठाऊक आहेत तो ७ चटकन काढील. ज्याला केवळ ३३ ठाऊक आहेत, त्याला आधी ३३ चे अवयव पाडावे लागतील. ३३ च्या बाबतीत हे हास्यास्पद सोपे आहे. प्रत्यक्ष व्यवहारात वापरली जाणारी संख्या ६१७ अंकी असते आणि तिचे दोन्ही अवयव तीनशेहून अधिक अंकी असतात. सातबाऱ्याच्या स्वाक्षरीत हीच क्रिया उलट होते : सही करणारा खाजगी किल्ली वापरतो आणि ती सही खरी की खोटी हे जाहीर किल्लीने कोणालाही पडताळता येते.

तो ७ शोधण्याची रीत म्हणजे आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये सूत्रबद्ध केलेल्या आणि भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त विस्ताराने शिकविलेल्या कुट्टक गणिताचाच एक प्रकार होय. एवढ्यावरून प्राचीन भारतीयांना संगणकीय सुरक्षा अवगत होती, अशी आरोळी ठोकणारे महाभाग निघतीलच. त्यांनी कुट्टकाची दोन उदाहरणे स्वतः सोडवून दाखवावीत, मग बोलावे. आर्यभटाला ग्रहगणित करावयाचे होते, ते त्याने उत्तम केले आणि जे सापडले ते श्लोकबद्ध करून पुढच्यांच्या हाती दिले. मोठेपणा आहे तो यात.

६१७ अंकी संख्येचे अवयव कोणाला पाडता येत नाहीत, म्हणजे ते पाडणे अशक्य आहे काय? तसे कोणी सिद्ध केलेले नाही. हे कुलूप एका न सिद्ध झालेल्या समजुतीवर उभे आहे, ही गोष्ट दडवून ठेवण्याचे कारण नाही. १९७७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी या पद्धतीची माहिती देताना १२९ अंकी संख्येत कोंडलेला एक संदेश छापला आणि तो उलगडणाऱ्यास शंभर डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. त्याला अब्जावधी वर्षे लागतील असा अंदाज होता. लागली सतरा. १९९४ च्या एप्रिलमध्ये जगभरच्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांचा फावला वेळ एकत्र करून ते अवयव पाडले. २०२० च्या फेब्रुवारीत २५० अंकी संख्या पडली. त्या कामाला एका संगणकीय गाभ्याची जवळजवळ २७०० वर्षे होतील एवढे श्रम खर्ची पडले. ६१७ अंकांपर्यंतचे अंतर अद्याप प्रचंड आहे. मात्र कुलूप किती टिकेल याचा हिशेब जगाला मांडता येतो, कारण ही सर्व आव्हाने उघड्यावर दिली गेली आणि उघड्यावर स्वीकारली गेली. गुप्त खोलीत बनविलेल्या कुलपाबाबत असा हिशेब मांडण्याची सोयच नसते.

आणि गुप्त खोली होतीच. इंग्लंडच्या सरकारी हेरखात्यात जेम्स एलिस यांना दोन किल्ल्यांची कल्पना १९७० मध्येच सुचली होती. त्याच खात्यात नव्याने आलेल्या क्लिफर्ड कॉक्स या तरुण गणितज्ञाने १९७३ साली मूळ संख्यांची तीच रीत शोधून काढली. सरकारने दोन्ही कागद कपाटात बंद केले. ही हकीकत जाहीर झाली ती १९९७ च्या डिसेंबरमध्ये; त्याच्या काही आठवडे आधीच एलिस यांचे निधन झाले होते. चोवीस वर्षे हे ज्ञान कपाटात पडून होते आणि त्याचा उपयोग ना इंग्लंडच्या नागरिकाला झाला ना जगाला. अमेरिकेतही असाच प्रयत्न झाला. रिव्हेस्ट आणि त्यांचे सहकारी आपला निबंध मागेल त्याला पाठविण्याच्या तयारीत असता, राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या एका कर्मचाऱ्याने १९७७ च्या उन्हाळ्यात अभियंत्यांच्या संघटनेला पत्र लिहून बजावले, की असे संशोधन परदेशी लोकांपुढे मांडणे हा शस्त्रास्त्र निर्यातीच्या कायद्याचा भंग ठरू शकेल. निबंधाच्या प्रती काही काळ अडकून पडल्या. सुदैवाने विद्यापीठ कचरले नाही आणि १९७८ च्या फेब्रुवारीत तो निबंध प्रसिद्ध झाला.

सरकारच्या कपाटातून सुटलेले ज्ञान बाजाराच्या कपाटात शिरले, हेही नमूद करावयास हवे. या संशोधनाला अमेरिकेच्या नौदलाचे आणि राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे अनुदान होते, म्हणजे तेथील करदात्यांचा पैसा होता. तरीही १९८३ मध्ये त्यावर पेटंट देण्यात आले आणि २००० च्या सप्टेंबरपर्यंत अमेरिकेत ही रीत वापरावयाची तर परवाना घेणे भाग पडले. इतर देशांत पेटंट मिळू शकले नाही, कारण तेथे अर्ज करण्यापूर्वीच रीत छापून आली होती. म्हणजे उर्वरित जगाला हे कुलूप फुकट मिळाले ते कोणाच्या औदार्यामुळे नव्हे, तर ते आधी छापले गेल्यामुळे. याउलट कानपूरच्या आयआयटीतील मनींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांचे उदाहरण पाहावे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि मर्यादित वेळात ठरविण्याची रीत त्यांनी २००२ च्या ऑगस्टमध्ये शोधली. शतकानुशतकांचा हा प्रश्न होता. ती रीत त्यांनी लगोलग जगापुढे ठेवली आणि काही दिवसांत देशोदेशीच्या गणितज्ञांनी ती तपासून मान्य केली. या शोधामुळे कुलपे मोडतील अशी आवई त्या वेळी उठली होती, ती निराधार होती. संख्या मूळ नाही हे कळणे आणि तिचे अवयव कोणते हे कळणे, या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे.

आता मागच्या दाराकडे वळावयास हवे. १९९१ साली अमेरिकेत फिल झिमरमन या अण्वस्त्रविरोधी चळवळीतील कार्यकर्त्याने सामान्य माणसाला आपली पत्रे कुलूपबंद करता यावीत म्हणून एक संगणकीय प्रणाली तयार करून मोफत वाटली. सरकारने शस्त्रास्त्रांच्या बेकायदा निर्यातीचा संशय घेऊन १९९३ पासून तीन वर्षे त्याच्यामागे चौकशीचा ससेमिरा लावला. यावर त्याने केलेला उपाय मोठा मार्मिक होता. पुस्तक परदेशी पाठविण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. तेव्हा त्याने सबंध प्रणाली ओळीने ओळ पुस्तकरूपाने छापविली. १९९६ च्या जानेवारीत सरकारने चौकशी बंद केली. त्याच सुमारास सरकारने दूरध्वनी यंत्रांसाठी एक चिप पुढे आणली होती, जिची जादा किल्ली सरकारी कचेरीत ठेवावयाची होती. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने तिच्यातील एक गंभीर दोष दाखवून दिला आणि पुढे ती योजना बारगळली.

पण एक गोष्ट बारगळली नाही. परदेशी विकावयाच्या प्रणालींमध्ये कुलूप मुद्दाम कच्चे ठेवावे, सुमारे १५५ अंकांहून मोठी संख्या वापरू नये, असा दंडक अमेरिकेने नव्वदच्या दशकात घातला होता. हेतू उघड होता : परक्यांची पत्रे वाचता यावीत. २००० च्या सुमारास हा दंडक शिथिल झाला. तथापि ती कच्ची कुलपे लाखो यंत्रांच्या पोटात तशीच पडून राहिली. २०१५ च्या मार्चमध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की भक्कम कुलूप वापरणाऱ्या यंत्रालाही फसवून त्या जुन्या कच्च्या कुलपाकडे वळविता येते आणि मग भाड्याच्या संगणकांवर शंभर डॉलरच्या आसपास खर्च करून काही तासांत ते फोडता येते. हा दोष ज्यांच्या संकेतस्थळांत सापडला त्यांमध्ये खुद्द अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्थाही होती. शत्रूसाठी खोदलेल्या खड्ड्यात खोदणाराच पडल्याचे इतके स्वच्छ उदाहरण राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही.

आपल्याकडचा प्रकार तर याहून विचित्र. इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांच्या परवान्यात भारत सरकारने या शतकाच्या पहिल्या दशकात अशी अट घातली होती, की परवानगीवाचून आरएसए पद्धतीची ४० बिटांपर्यंतची किल्लीच वापरावी. त्याहून मोठी वापरावयाची तर ती उघडण्याची किल्ली दोन भागांत सरकारकडे जमा करावी. आरएसए पद्धतीत ४० बिटांची संख्या म्हणजे बारा-तेरा अंकी संख्या. जेव्हन्सचे १८७४ चे कोडे दहा अंकी होते! बहुधा दुसऱ्याच जातीच्या गूढलेखनाचा आकडा कोणा अधिकाऱ्याने या पद्धतीला चिकटविला असावा. दुसरीकडे रिझर्व्ह बँक २००१ पासून बँकांना इंटरनेट व्यवहारांसाठी १२८ बिटांच्या भक्कम कुलपाची शिफारस करीत होती. म्हणजे एका सरकारी कागदाचे पालन करणारा दुसऱ्याचा भंग करीत होता. व्यवहारात ही अट कोणी पाळली नाही, हे देशाचे भाग्य.

तेवढ्याने शहाणपण आले असते तर बरे होते. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने गूढलेखनविषयक धोरणाचा मसुदा जाहीर केला. नागरिकाने कुलूपबंद करून पाठविलेल्या संदेशाची उघडी प्रत नव्वद दिवस जपून ठेवावी आणि मागताच दाखवावी, असे त्यात होते. दोन-तीन दिवसांतच टीकेमुळे तो मागे घ्यावा लागला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली संदेश उलगडून देण्यास साहाय्य न करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२१ च्या फेब्रुवारीत आलेल्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर एखादा संदेश प्रथम कोणी पाठविला हे सांगण्याचे बंधन घातले आणि त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. टपालाच्या बाबतीत हा झगडा जुनाच आहे. आणीबाणीत स्थानबद्धांची पत्रे काळी शाई फासून घरी येत, हे ज्यांनी भोगले त्यांच्यापैकी अनेक जण आजही हयात आहेत. १९८६ साली पत्रे अडविण्याचे व्यापक अधिकार देणारे विधेयक संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. २०२३ च्या टपाल कायद्यात पत्रे अडविण्याची तरतूद पुन्हा आली आणि तिच्यावर सही झालीही.

पोलिसांची बाजू पोकळ आहे असे मात्र कोणी समजू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत संदेशसेवांवरून गावोगाव फिरत होती. भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नावर आयुष्य वेचणाऱ्या कार्यकर्त्याने, अशी अफवा प्रथम कोणी सोडली हे कळावयास नको काय, असे विचारले तर त्याला कुलपाचे गणित ऐकवून वाटेला लावणे हा उद्धटपणा होईल. परंतु त्या अफवा गुप्त नव्हत्या. त्या शेकडो गटांत उघड फिरत होत्या, गावातील शिक्षकाला, ग्रामसेवकाला आणि पोलीस पाटलालाही पोहोचल्या होत्या. त्या पाच जणांचे प्राण ग्रामपंचायतीच्या कचेरीत, दिवसाढवळ्या गेले. तेथे उणीव होती ती वेळीच खुलासा करणाऱ्या प्रशासनाची आणि वेळेवर पोहोचणाऱ्या पोलिसांची. प्रत्येक संदेशावर पाठविणाऱ्याची खूण कायमची गोंदविण्याची व्यवस्था झाली, तर अफवा सोडणारा उसना क्रमांक वापरून निसटेल आणि सापडेल तो सावकाराविरुद्ध किंवा तहसीलदाराविरुद्ध तक्रार पुढे पाठविणारा शेतमजूर. विशिष्ट संशयिताचा दूरध्वनी न्यायालयाच्या आदेशाने जप्त करून तपासण्याचा मार्ग पोलिसांना मोकळा आहेच. एका आरोपीचे घर झडतीसाठी उघडणे वेगळे आणि गावातील सर्व घरांना एकाच किल्लीने उघडणारी कुलपे बसविणे वेगळे.

शिवाय ही किल्ली राहणार कोठे? मूळ संख्यांच्या कुलपाचा आजवरचा इतिहास पाहिला तर ते फुटले ते जवळजवळ नेहमीच गणिताच्या बाहेर. २०१२ साली संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरील लक्षावधी जाहीर किल्ल्या गोळा करून एकमेकींशी ताडून पाहिल्या. मूळ संख्या यदृच्छेने निवडावयाच्या असतात. पण पुष्कळशी स्वस्त यंत्रे, विशेषतः इंटरनेटची जोडणी देणारे राउटर, चालू होताच पुरेशी यदृच्छा नसताना संख्या निवडीत होती. परिणामी दोन वेगळ्या यंत्रांच्या कुलपांत एक मूळ संख्या समान येई. ३३ आणि ३९ या दोन संख्या दिल्या तर त्यांचा मसावि ३ आहे हे शाळकरी मूल सांगते, आणि मसावि कळला की दोन्ही कुलपे उघडली. मसावि काढण्याची युक्लिडची रीत सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची आहे. तिला सहाशे अंकी संख्यांचीही पर्वा नाही. त्या पाहणीत दर दोनशे यंत्रांमागे जवळपास एकाची खाजगी किल्ली हाती आली.

एस्टोनियाची कथा याहून बोलकी आहे. त्या छोट्या देशात नागरिकाच्या ओळखपत्रात चिप असते आणि तिच्या आधारे तो सही करतो, मतदानही करतो. २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले, की त्या चिपमधील प्रणाली मूळ संख्या निवडताना वेळ वाचविण्यासाठी एका ठरावीक साच्यातल्याच संख्या घेते. त्यामुळे अवयव पाडण्याचे काम अतोनात सोपे झाले होते. ही प्रणाली एका खाजगी कंपनीची, बंद पेटीतली होती; सरकारमान्य तपासणीची प्रमाणपत्रे तिच्यापाशी होती आणि दोष कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानात आला नव्हता. सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांवर त्याचा परिणाम झाला आणि नोव्हेंबरच्या प्रारंभी सरकारला त्यांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. एस्टोनियाच्या सरकारने एक गोष्ट मात्र केली : दोष कळताच तो जनतेला सांगितला. कोट्यवधी लोकांची ओळख अशाच पेट्यांत ठेवणाऱ्या आपल्या देशात, दोष दाखविणाऱ्या पत्रकारावर किंवा संशोधकावर गुन्हा दाखल करण्याची प्रवृत्ती दिसते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातील एका मोठ्या सहकारी बँकेतून चोरट्यांनी दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये पळविले, तेव्हाही त्यांनी कोणत्याही मूळ संख्येला हात लावला नव्हता. एटीएमच्या यंत्रणेत घुसून त्यांनी पहारेकऱ्याचीच जागा घेतली होती. कोट्यवधी नागरिकांच्या जादा किल्ल्या एका सरकारी कपाटात ठेवल्या, तर चोराला गणित शिकण्याची गरजच उरणार नाही.

आता कुलूपच बदलण्याची वेळ येऊ घातली आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्येच सिद्ध केले होते, की पुंजभौतिकीच्या तत्त्वावर चालणारा पुरेसा मोठा संगणक तयार झाला तर तो मोठ्या संख्यांचेही अवयव झपाट्याने पाडील. असा संगणक अजून कोणापाशी असल्याचे दिसत नाही. पण आज चोरून साठविलेले बंद संदेश उद्या उघडता येतील, ही भीती खरी आहे. अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने २०१६ मध्ये जगभरच्या गणितज्ञांना नव्या कुलपांसाठी आवाहन केले, आलेल्या प्रस्तावांवर आठ वर्षे उघड हल्ले होऊ दिले आणि त्यांतून टिकलेल्यांपैकी तिघांना २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्रमाण म्हणून मान्यता दिली. त्यांत अवयव पाडण्याच्या अवघडपणाचा आधार घेतलेला नाही. त्या तिन्ही रीती कोणालाही वाचावयास आणि तपासावयास खुल्या आहेत. आपल्याकडे महसूल खात्यापासून जिल्हा बँकांपर्यंत ही कुलपे बदलावी लागतील. तो खर्च कोण करणार, लहान पतसंस्थांना तो कसा पेलणार आणि नव्या पेट्या बंद कंपन्यांकडून घेतल्या जाणार की कोणालाही आतून पाहता येतील अशा घेतल्या जाणार, हे प्रश्न विधिमंडळात निविदा निघण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत. निविदा निघाल्यावर ते विचारून उपयोग नसतो, हा अनुभव राज्यातील कार्यकर्त्यांना नवा नाही.